औषधाने गाठ मारली की अंडाशये?

१/१० १९७६ साली मिलानमधून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि स्तनकर्करोगाच्या उपचारांचा इतिहास पालटला. पण त्या यशाच्या पोटातच एक अवघड प्रश्न दडला होता. औषधाने कर्करोगाच्या पेशी मारल्या, की रुग्णेची अंडाशये निकामी केली? त्या वादाचा हा इतिहास.

२/१० आरंभ ग्लासगोचा. अंडाशये काढलेली गाय अधिक काळ दूध देते, हे शल्यवैद्य जॉर्ज बीटसन यांना ठाऊक होते. त्यावरून अंडाशय आणि स्तन यांचे नाते त्यांनी ताडले. १८९५ मध्ये त्यांनी एका असाध्य रुग्णेची अंडाशये काढली आणि तिच्या गाठी विरत गेल्या. १८९६ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा वृत्तांत छापला.

३/१० तेव्हा ‘हॉर्मोन’ हा शब्दही जन्मला नव्हता. तो आला १९०५ साली. बीटसन यांची शस्त्रक्रिया मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांनाच गुणकारी ठरे. असे का, याचे उत्तर पुढे शिकागोत एल्वुड जेन्सन यांच्या संशोधनातून मिळाले : इस्ट्रोजेनचा संदेश टिपणारे ग्राहक सर्वच गाठींत नसतात.

४/१० दुसरा प्रवाह युद्धातून आला. मस्टर्ड वायूच्या अभ्यासातून नायट्रोजन मस्टर्ड हाती आले आणि १९४२ मध्ये येल येथे ते कर्करोगाच्या रुग्णावर वापरले गेले. सायक्लोफॉस्फमाइड हे त्याच कुळातील औषध. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालणे, हे या उपचाराचे तत्त्व.

५/१० मिलानमध्ये जियानी बोनाडोना यांनी सायक्लोफॉस्फमाइड, मेथोट्रेक्सेट आणि फ्लुओरोयुरासिल ही तीन औषधे शस्त्रक्रियेनंतर दिली. चाचणीत ३८६ स्त्रिया होत्या. पहिल्या अहवालात रोग उलटण्याचे प्रमाण औषधाविना २४ टक्के, तर औषधासह ५.३ टक्के होते.

६/१० पुढे मात्र एक विसंगती उघड झाली. लाभ प्रामुख्याने रजोनिवृत्ती न झालेल्या स्त्रियांना होत होता आणि त्यांतील अनेकींची पाळी थांबत होती. इस्ट्रोजेन निर्माण होते ते अंडाशयातील बीजपुटकांत. सायक्लोफॉस्फमाइड नेमके त्यांनाच नष्ट करते. चाळिशीनंतर त्यांचा साठा अल्प असल्याने पाळी कायमची थांबण्याचा संभव अधिक.

७/१० मग केमोथेरपी म्हणजे आडवाटेने केलेली बीटसन यांचीच शस्त्रक्रिया का? हा वाद केवळ विद्वत्तेचा नव्हता. तसे असेल, तर तरुण स्त्रियांना इतकी जहाल औषधे देण्याचे कारणच उरत नव्हते.

८/१० १९९३ मध्ये स्कॉटलंडमधील चाचणीने दोन्ही मार्ग समोरासमोर ठेवले. एकंदर निकाल जवळजवळ सारखाच आला. पण इस्ट्रोजेन-ग्राहक विपुल असलेल्या गाठींत अंडाशयाचे कार्य थांबवणे सरस ठरले, तर ग्राहक अल्प असलेल्या गाठींत केमोथेरपी. म्हणजे औषधाचे हात दोन होते.

९/१० रजोनिवृत्तीनंतर चित्र निराळे असते. तेव्हा मेदपेशींत, तसेच स्तनाच्या गाठीतही, अरोमाटेज हे विकर इस्ट्रोजेन घडवते. अंडाशय मुळातच शांत झालेले असते. म्हणूनच अरोमाटेज रोखणारी स्वतंत्र औषधे आली.

१०/१० वाद पूर्णतः मिटलेला नाही. २०१८ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत पन्नाशीच्या आतील काही स्त्रियांना केमोथेरपीचा लाभ दिसला आणि तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याच्या उत्तरावर कित्येक तरुण स्त्रियांचे मातृत्व अवलंबून आहे. औषध गुणकारी आहे एवढे कळणे पुरेसे नसते. ते कोणत्या वाटेने गुण देते, हेही कळावे लागते.