निकेल-हायड्राइड ते वनस्पती तूप : हायड्रोजनीकरणाच्या इतिहासातील काही दुवे

प्रस्तावना :

धातू-हायड्राइड जटिल संयुगांचा अभ्यास पदव्युत्तर वर्गात सामान्यतः विल्किन्सनच्या ऱ्होडियम संयुगापासून सुरू होतो. इतिहासाच्या दृष्टीने हा आरंभ बराच उशिराचा आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हायड्रोजनीकरण पाठ्यपुस्तकात रुळण्यापूर्वी स्वयंपाकघरात आले, आणि तेही तुपाचे नाव घेऊन. धातू आणि हायड्रोजन यांच्यातील क्षणिक बंधाचा प्रश्न व वनस्पती तुपाचा वाद हे दोन स्वतंत्र विषय मानले जातात. प्रत्यक्षात दुसऱ्याचे मूळ पहिल्यातच आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वीज, हायड्रोजन आणि तेल :

माथेरानच्या पूर्व कड्यावरून पाहिले असता खाली नेरळ-कर्जतचा सखल पट्टा व त्यापलीकडे सह्याद्रीची भिंत दिसते. या भिंतीच्या पायथ्याशी खोपोली येथे १९१५ मध्ये व भिवपुरी येथे १९२२ मध्ये टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खाली सोडून निर्माण होणारी ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती. परंतु विजेची अशी उपलब्धता रासायनिक उद्योगाच्याही पथ्यावर पडणारी होती. निकेल उत्प्रेरकाला गंधकाची संयुगे व कार्बन मोनॉक्साइड ही विषासमान असतात. पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाने मिळणारा हायड्रोजन यांपासून मुक्त असतो. त्यामुळे भारतातील अनेक वनस्पती कारखान्यांनी हाच मार्ग पत्करला. भुईमुगाच्या तेलाचे आयोडीन मूल्य सुमारे ९० असते. एक टन तेलात ते २५ ने उतरविण्यास साधारण २ किलो हायड्रोजन लागतो आणि तेवढ्या हायड्रोजनसाठी सुमारे १०० युनिट वीज खर्ची पडते. हायड्रोजनीकरणाचे अर्थकारण तेलाच्या भावाइतकेच विजेच्या दरावर का अवलंबून होते, ते यावरून ध्यानात येते.

युनिलिव्हरने हिंदुस्तान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १९३१ मध्ये स्थापन केली व मुंबईत शिवडी येथे तिचा कारखाना उभा राहिला. तत्पूर्वी हे घट्ट तेल हॉलंडहून आयात होत असे. १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव बाजारात आले. ‘दादा’ या डच आयातदाराच्या नावात लिव्हरचे ‘एल’ अक्षर घालून ते बनविले गेले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. पुढे ‘डालडा’ हा शब्द मराठी घरांत सामान्यनामासारखा वापरला जाऊ लागला.

तुपातील भेसळीमुळे विरोध सुरू झाला. गांधीजींनी ‘हरिजन’मधून वनस्पतीवर टीका केली आणि स्वातंत्र्यानंतर संसदेत बंदीची मागणीही झाली. वनस्पतीला रंग द्यावा, ही सूचना वर्षानुवर्षे चर्चेत राहिली, परंतु सुरक्षित असून सहज काढता न येणारा असा समाधानकारक रंग सापडला नाही. अखेर त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल असणे बंधनकारक ठरले. हायड्रोक्लोरिक आम्ल व फुरफुराल यांच्याशी तिळाच्या तेलाचा लाल रंग येतो. ही बोदुआँ परीक्षा. राज्यकर्त्यांना न सापडलेला रंग परीक्षानळीत अशा रीतीने सापडला, असे म्हणता येईल!

परतीची वाट :

या सर्व वादात चर्चा झाली ती भेसळीची. निकेलच्या पृष्ठभागावर नेमके काय घडते, हा प्रश्न मागेच राहिला. साबातिए व सँडेरँस यांनी १८९७ मध्ये निकेलच्या साहाय्याने एथिलीनचे हायड्रोजनीकरण केले. निकेलचे हायड्राइड तात्पुरते तयार होऊन मोडत असावे, हे साबातिए यांचे अनुमान होते. नॉर्मान यांनी ही प्रक्रिया द्रवरूप तेलांना लागू करून १९०२ मध्ये जर्मन पेटंट मिळविले. त्यानंतर १९३४ मध्ये होरिउटी व पोलान्यी यांनी मांडलेली यंत्रणा येथे विशेष महत्त्वाची आहे. दुहेरी बंधाला दोन हायड्रोजन अणू एकाच वेळी जोडले जात नाहीत. पहिला अणू जोडला की अर्धवट हायड्रोजनीकृत अवस्था निर्माण होते. दुसरा अणू मिळाला तर रेणू संतृप्त होतो. तो न मिळाल्यास धातू एक हायड्रोजन परत घेतो व दुहेरी बंध पुन्हा तयार होतो. मात्र मधल्या अवस्थेत कार्बन-कार्बन बंधाभोवती फिरण्याची मोकळीक असल्याने तो अनेकदा विपक्ष रूपात तयार होतो. ट्रान्स मेदाम्लांचा उगम हाच होय. तापमान अधिक आणि हायड्रोजनचा पुरवठा अपुरा असेल, तर ही परतीची वाट अधिक रुंद होते. कारखान्याला हवा असलेला तुपासारखा घट्टपणा अंशतः याच विपक्ष रूपामुळे येई, हेही नमूद केले पाहिजे.

विल्किन्सन व सहकाऱ्यांच्या १९६६ मधील कार्याचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. या संयुगातील ऱ्होडियम हायड्रोजन रेणू फोडून डायहायड्राइड बनवितो आणि अल्कीन जोडले गेल्यावर दुसरा हायड्रोजन इतक्या त्वरेने देतो की परत फिरण्यास फारसा अवकाश उरत नाही. म्हणून समघटकीकरण अल्प असते. तथापि ऱ्होडियम महाग असून विद्राव्य उत्प्रेरक उत्पादितापासून वेगळा करणे कठीण असते. त्यामुळे ही संयुगे औषधनिर्मितीत रुजली, तेलगिरणीत नव्हे. वेगळे करण्याच्या या अडचणीवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत महत्त्वाचे काम झाले. आर. व्ही. चौधरी व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखविले की, ऱ्होडियम संयुग पाण्याच्या स्तरात ठेवून तेलकट स्तरात ट्रायफेनिलफॉस्फीन मिसळल्यास दोन स्तरांच्या सीमेवर अभिक्रियेचा वेग पुष्कळ वाढतो. ती अभिक्रिया हायड्रोफॉर्मिलीकरणाची होती. तीही ऱ्होडियम-हायड्राइडच्या मार्गानेच जाते.

ट्रान्स मेदाम्ले रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितात व हितकारक कोलेस्टेरॉल घटवितात, हे मेन्सिंक व कातान यांनी १९९० मध्ये दाखविले. भारतात खाद्यतेले व मेद यांतील ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के व जानेवारी २०२२ मध्ये २ टक्के झाली. त्यामुळे अंशतः हायड्रोजनीकरणाला जागा उरली नाही. आता तेल पूर्णतः संतृप्त करून, म्हणजे परतण्यास एकही दुहेरी बंध शिल्लक न ठेवता, ते द्रवरूप तेलात मिसळून मेदाम्लांची अदलाबदल करण्याची पद्धत वापरली जाते. त्यातील हायड्रोजनीकरणाचा टप्पा आजही निकेलवरच चालतो.