घोडनदीच्या छावणीतील पटकी

वसईच्या तहानंतर पेशव्यांच्या मुलखावर नजर ठेवण्याकरिता इंग्रजांनी जी तैनाती फौज आणिली तिची छावणी घोड नदीकाठच्या शिरूर कसब्यात पडली, आणि १८१७ च्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगावाच्या वाटेस लागली ती याच छावणीतून, हे बहुतेकांस ठाऊक असते; परंतु पुढच्याच पावसाळ्यात, पेशवाई नुकती बुडाली असता, त्या छावणीवर जो दुसरा शत्रू चालून आला त्याची आठवण फारशी कोणी ठेविली नाही. १८१७ च्या ऑगस्टात बंगालमधील जेसोर येथे उसळलेली पटकी फौजांच्या व यात्रेकरूंच्या पावलांनी दख्खन गाठून १८१८ च्या जुलैत शिरुरास पोहोचली, आणि ऑगस्टात मुंबईत शिरली.

छावणीतील ६५ व्या पलटणीचा शस्त्रवैद्य बरेल रोग्यांची शीर तोडून रक्त काढी, तर रयत मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे, म्हणजे शेजारच्या गावाच्या पदरात, नेऊन सोडी. (याच छावणीत १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्यास सत्पुरुषाचे स्थान मानून धान्य वाहणारी ही रयत, हेही ध्यानी असावे.) अंगातील पाणी आटून जो मरत आहे त्याचेच रक्त काढणाऱ्या विद्येपेक्षा तो गाडा रोग्यास तरी निरुपद्रवी होता, असे माझे मत आहे.

शस्त्रवैद्य आणि रयत या दोघांच्याही हिशेबी रोग हे एकसंध सामर्थ्य होते. १८८४ साली कलकत्त्यास रॉबर्ट कॉखने पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा करून दाखविल्यावरही एका पेशीपासून वाढलेली सारी संतती एकाच वृत्तीची असावयाची, ही समजूत दीर्घकाळ टिकली. वस्तुस्थिती निराळी आहे. या जंतूची विषजनक जनुके जागी करणारे टॉक्सटी नावाचे प्रथिन स्वतःच्याच निर्मितीसही चेतना देते. त्यामुळे ज्या पेशीत ते केवळ यदृच्छेने थोडे अधिक साठले तिच्यात ते वाढतच जाते, आणि जिच्यात थोडे उणे पडले तिची विषनिर्मिती मावळते, यद्यपि दोघींची जनुके अक्षरशः एकच असतात. सशांच्या आतड्यांतील जंतू तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही दुफळी स्पष्ट दिसली; शरीराबाहेर पडणाऱ्या जंतूंपैकी एक तट नव्या रोग्यास ग्रासण्यास व दुसरा उघड्या पाण्यात तग धरण्यास सिद्ध असावा, असे तिच्यावरून अनुमान निघते.

भीमेकाठच्या पंढरीच्या यात्रेचा विचार करणाऱ्यास हे अनुमान विशेष बोलके वाटेल. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातील यवत, वरवंड, पाटस या मार्गाने पुढे पंढरीस जाते, आणि एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेतून पटकी गावोगाव पसरत असे ही गोष्ट सरकारी दप्तरांत वारंवार नमूद आहे. तथापि १८१८ च्या साथीचा उलगडा पेशींच्या या यदृच्छेने होतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ती साथ पसरविली ती दूषित पाण्याने आणि त्या पाण्यावर तळ देणाऱ्या फौजांनी.