बाटवणारा पाव आणि आपल्या तव्यावरचा लसूण

आमच्या बचतगटाच्या बैठकीत परवा एकीने जाड पावाचे लसूण-लोणी लावलेले टोस्ट आणले. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले. तेवढ्यात गटातली सगळ्यात मोठी आजी म्हणाली, "माझी सासू पाव चुलीपाशी येऊ द्यायची नाही. पावाने बाटतं म्हणायची."

आजी काही उगाच बोलली नाही.

पाव आपल्याकडे आणला पोर्तुगिजांनी. शब्दही त्यांचाच. गोव्यात, वसईत आणि आपल्याच जिल्ह्यात चौल-रेवदंड्याला त्यांची सत्ता होती. इथे खमीर मिळेना, म्हणून गोव्यात माडाच्या सुराने पीठ फुगवू लागले. पाव भाजणारे ख्रिस्ती, त्यात ताडी-माडी, म्हणून पाव खाल्ला की धर्म गेला! विहिरीत पावाचा तुकडा टाकून अख्खं गाव बाटवल्याच्या गोष्टी किनारपट्टीला अजून सांगतात. पाणी भरायला जायच्या बायका, तेव्हा त्या भीतीचं ओझं कुणाच्या डोक्यावर असेल, ते तुम्हीच ओळखा.

हे फक्त अडाण्यांचं होतं असं समजू नका. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशा मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. तेवढ्यावरून गहजब झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत, तर आजीच्या सासूला काय बोल लावायचा?

आपल्या भागात ही भीती सैल केली ती आगगाडीने, असं मला वाटतं. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली वर खंडाळा ते पुणे रूळ झाले, पण मधला घाट लोक पायी नाही तर डोलीतून चढायचे. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली. तो घाट फोडताना हजारो मजूर मेले, त्यांची नावंही कुठे नाहीत. गाडीच्या डब्यात शेजारी कोण बसलं, हे विचारायची सोय राहिली नाही. घाट चढायला मागे इंजिन जोडायचं म्हणून गाड्या कर्जतला थांबत आल्या, आणि त्या थांब्यावरच कर्जतचा वडा नावारूपाला आला. आज त्या वड्याखालचा पाव कुणी भाजला, हे विचारतं का कुणी?

लसूण आणि लोणी मात्र आपलंच. तांदळाच्या गरम भाकरीवर लोण्याचा गोळा आणि लसणाची चटणी, हे आपण कधीपासून खातोय! टोस्टात फक्त भाकरीच्या जागी पाव आला.

करायचं असेल तर न कापलेला पाव आणा, तोही आदल्या दिवशीचा. ताजा सुरीखाली चेपतो. बोटभर जाड काप करा. घरचं लोणी असेल तर त्यातलं ताक नीट पिळून काढा, नाहीतर तव्यावर तडतडतं. चार-पाच पाकळ्या ठेचा, मीठ, कोथिंबीर घाला आणि दोन्ही बाजूंना लावा. आच मंदच हवी, कारण लसूण करपला की कडू होतो. पहिली बाजू होईपर्यंत झाकण ठेवा, म्हणजे जाड काप आतपर्यंत गरम होतो. उलटल्यावर झाकण नको, वाफेने कुरकुरीतपणा जातो.

आजीने दोन खाल्ले, आणि तिसरा नातवासाठी पदरात बांधून नेला.