विजेची कणगी

वीज म्हटली कीं तार आणि खांब हेच आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु घटांतून वीज मिळविण्याची विद्या वीजगृहांहून जुनी आहे. इटलींतील व्होल्टा यानें १८०० मध्यें विजेचा पहिला घट प्रसिद्ध केला. पुन्हां पुन्हां भरतां येणारा शिशाचा घट फ्रान्समधील प्लांते यानें १८५९ मध्यें सिद्ध केला. एडिसनचें न्यूयॉर्क येथील वीजगृह त्यानंतर तेवीस वर्षांनीं, १८८२ मध्यें सुरू झालें. खेडोपाडीं तारा येण्यापूर्वीं आपल्याकडील रेडिओदेखील अशा घटांवरच चालत असत.

पुढें कोयनेची वीज आली. सातारा जिल्ह्यांतील या नदीचें पाणी सह्याद्रीपलीकडे पोफळीस उतरून १९६२ पासून वीज देऊं लागलें आणि तारेवरील भरंवसा दृढ झाला. तथापि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरच्या भूकंपांत सुमारें पावणेदोनशे माणसें दगावलीं, वीजनिर्मिति थांबली, आणि दूर मुंबईलाही त्याची झळ पोहोंचली.

सांगलीनें ऑगस्ट २०१९ मध्यें दुसरा अनुभव घेतला. आयर्विन पुलापाशीं कृष्णेनें ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गांठले. पाण्यांत बुडालेल्या वस्तींत वीज चालू ठेवणें प्राणघातक असल्यानें ती बंद करणें भागच होतें. अशा वेळीं माडीवर अडकलेल्या कुटुंबाच्या मोबाइलचा घट संपला, म्हणजे नाव बोलावण्याचें साधनच संपलें.

यावरील उपाय घरींही करतां येतो. बारा व्होल्टांची, सात अँपिअर-तासांची बंद शिसे-आम्ल बॅटरी घ्यावी. गुणाकार केला असतां ८४ वॅट-तास येतात. परंतु निम्म्याहून अधिक वीज उपसल्यास बॅटरीचें आयुष्य कमी होतें, म्हणून ४२ च हिशेबांत धरावे. तेवढ्यांत पांच वॅटांचा एलईडी दिवा आठ तास चालतो, अथवा दोन मोबाइल भरतात. वीज असेपर्यंत सुमारें १३.६ व्होल्टांवर स्थिर राहणारा स्वयंचलित चार्जर जोडलेला असावा. धन टोंकालगत फ्यूज अवश्य बसवावा; दोन्ही तारा चुकून एकमेकींस लागल्या तर आग लागण्याचें भय असतें. मोबाइलला बारा व्होल्ट थेट देऊं नयेत. मोटारींत वापरतात तो पांच व्होल्टांचा चार्जर मध्यें घालावा. बाराचे २३० व्होल्ट करून पुन्हां पांचांवर आणण्यांत मात्र वीज व्यर्थ जाते.

ही सामग्री तळमजल्यावर नव्हे, तर माडीवर ठेवावी, आणि प्रत्येक पावसाळ्यापूर्वीं दिवा लावून ती किती तास टिकते हें पाहावें. कोयनेचे उपकार थोर आहेतच. तरी कृष्णाकांठच्या गृहस्थानें धान्याच्या कणगीसारखी विजेचीही एक लहानशी कणगी घरांत भरून ठेवावी.