सिन्नरचा प्लेगदंगा आणि मोमियाईची भीती

जानेवारी १८९८ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे जमावाने प्लेगच्या बंदोबस्ताविरुद्ध दंगा केला. त्यात एका हॉस्पिटल असिस्टंटचा बळी गेला. साथीच्या दिवसांत लोक उपचार करणाऱ्यांवरच का उलटले, याचे उत्तर आधीच्या दीड वर्षात सापडते.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवीत प्लेगचे निदान केले. त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि दुष्काळ पडला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. घरझडती घेणे, रोग्याला उचलून नेणे, बाकीच्यांना छावणीत डांबणे आणि सामान जाळणे या सगळ्याला त्याने आधार दिला. पुण्यात झडतीसाठी गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरले. २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

या काळात मोमियाईची जुनी गोष्ट पुन्हा तोंडोतोंडी झाली. दवाखान्यात नेलेल्या माणसाला उलटे टांगतात, खाली विस्तव पेटवतात आणि डोक्यातून ठिबकणारे तेल औषधासाठी धरतात, असे लोक सांगत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला, त्यामागेही अशीच धास्ती होती.

अशा अफवेला अनुभवाचा टेकू मिळतो. भीतीपोटी घरचे रोग्याला माळ्यावर, कोठीत लपवत. तो दवाखान्यात पोचे तेव्हा वेळ निघून गेलेली असे. गेलेला माणूस परतला नाही की अफवा खरी ठरे, आणि पुढचा रोगी आणखी काळजीने लपवला जाई. ज्या सरकारने कधी विचारले नाही, त्याचा हेतू लोक आपल्या जुन्या दुःखावरून ताडत.

याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आणले. त्यांना स्वतःलाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. उपचार तोच होता, पण नेणारे हात आपले होते.

मार्च १८९८ मध्ये मुंबईतही दंगा झाला. त्यानंतर सरकारने सक्ती हळूहळू सैल केली. मोमियाई खोटी होती, पण उंबरठा ओलांडून आलेला शिपाई खरा होता. सिन्नरला त्या अविश्वासाची किंमत एका सामान्य वैद्यकीय कर्मचाऱ्याने जीव देऊन मोजली.