'येशूच्या नावाने' प्रार्थना मोठ्यानेच करायची असते का? बायबल, चर्च आणि कायदा काय सांगतात

परळमध्ये केईएम, टाटा मेमोरियल आणि वाडिया ही मोठी रुग्णालयं जवळजवळ आहेत. भेटीच्या वेळेत तिथल्या एखाद्या वॉर्डात हे दृश्य दिसू शकतं: खाटेभोवती नातेवाईक उभे आहेत, पाळकांचा हात रुग्णाच्या डोक्यावर आहे आणि प्रार्थनेचा शेवट होतो, 'प्रभू येशूच्या नावाने मागतो, आमेन.' शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचा, नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस असतो. अशा ठिकाणी येशूचं नाव मोठ्याने घ्यावं की मनातल्या मनात? हा प्रश्न ख्रिस्ती कुटुंबांनाही पडतो आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही.

'नावाने' म्हणजे काय?

योहानाच्या शुभवर्तमानात १४ ते १६ या अध्यायांत येशू शिष्यांना आपल्या नावाने मागायला सांगतो. इथे 'नाव' म्हणजे अधिकार. राजाचा दूत राजाच्या नावाने बोलतो, तसंच हे आहे. येशू हा देव आणि माणूस यांच्यातला मध्यस्थ आहे, या श्रद्धेतून ही पद्धत आली.

मात्र हे शब्द म्हणजे मंत्र नाहीत. येशूने स्वतः शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटी ते नाहीत. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात तर उलट गोष्ट आहे. काही मांत्रिक येशूचं नाव वापरून भुतं काढायला जातात आणि मार खाऊन पळतात. श्रद्धेशिवाय नुसतं नाव उच्चारून काही होत नाही, असा त्या गोष्टीचा अर्थ लावला जातो.

मोठ्याने की गुपचूप?

बायबलमध्ये दोन्ही आहे. मत्तयच्या ६व्या अध्यायात, लोकांना दिसावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांवर येशू टीका करतो आणि दार लावून प्रार्थना करायला सांगतो. जुन्या करारातल्या हन्नाचे फक्त ओठ हलतात, आवाज येत नाही, तरी तिची प्रार्थना ऐकली जाते.

दुसरीकडे, 'प्रेषितांची कृत्ये'च्या ४थ्या अध्यायात सगळे विश्वासी एकत्र आवाज चढवून प्रार्थना करतात. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात याचं एक साधं कारण सापडतं: बाजूच्याला प्रार्थना समजलीच नाही, तर तो 'आमेन' कसा म्हणणार? म्हणजे एकट्याची प्रार्थना मनातही होते. सामुदायिक प्रार्थना मात्र ऐकू यावी लागते. येशूचा आक्षेप आवाजावर नाही, दिखाव्यावर आहे.

मुंबईत काय चालतं?

कॅथलिक मिस्सामध्ये धर्मगुरूंच्या मुख्य प्रार्थना 'ख्रिस्ताच्या द्वारे' अशा अर्थाच्या शब्दांनी संपतात आणि लोक 'आमेन' म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकभाषा आल्या आणि मिस्साचे शब्द लोकांना कळू लागले. दादरचं 'पोर्तुगीज चर्च' त्यानंतरच्या काळात, १९७०च्या दशकात, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नव्याने बांधलं.

गिरगावच्या खोताची वाडीसारख्या जुन्या ईस्ट इंडियन वस्त्यांत क्रूस दिसतात. अशा क्रुसांपुढे शेजाऱ्यांनी जमून रोझरी म्हणण्याची प्रथा जुनी आहे. धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडांतही संध्याकाळची रोझरी हा शिरस्ता होता. रोझरीत अर्धी प्रार्थना एकाने आणि उरलेली इतरांनी म्हणायची असते, त्यामुळे समूहात ती मोठ्यानेच होते.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये पाळक किंवा सभासद स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करतात आणि शेवटी 'येशूच्या नावाने' म्हणतात. पेंटेकॉस्टल सभांमध्ये सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे येशूवर अभंग-भजनं लिहिली. त्यामुळे मराठी ख्रिस्ती उपासनेत टाळ-मृदंगाचा सूरही आला.

कायदा काय म्हणतो?

घटनेचं कलम २५ धर्म पाळण्याचं, आचरणाचं आणि प्रसाराचं स्वातंत्र्य देतं. येशूचं नाव घेऊन प्रार्थना करणं त्यात येतं. पण हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं.

आवाजाबद्दलचा महत्त्वाचा निकाल चेन्नईच्या एका पेंटेकॉस्टल चर्चबद्दल आहे. इतरांची शांतता भंग करून किंवा लाउडस्पीकर लावून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑगस्ट २००० रोजी स्पष्ट केलं. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये, लाउडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असा निकाल दिला.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ सार्वजनिक ठिकाणी तो बंद ठेवावा लागतो. सणांसाठी सरकार वर्षातले ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. लालबागचा मंडप असो, मशीद असो की चर्चचं मैदान, नियम एकच आहे.

शाळांसाठी कलम २८ आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक उपासनेत सहभागी व्हायला लावायचं असेल, तर पालकांची संमती लागते. मिशनरी शाळेतल्या प्रार्थनेलाही हे लागू आहे.

मग रुग्णालयात काय करावं?

रुग्णाच्या इच्छेने, हळू आवाजात केलेल्या प्रार्थनेला हे ध्वनीचे नियम आडवे येत नाहीत. वॉर्डाचे स्वतःचे नियम मात्र पाळावे लागतात. दुसऱ्या धर्माच्या रुग्णासाठी प्रार्थना करायची असेल, तर आधी त्याला विचारावं. तो 'नको' म्हणाला, तर मनात प्रार्थना करता येतेच. हन्नाच्या गोष्टीमुळे ख्रिस्ती माणसाला ती प्रार्थना कमी दर्जाची मानण्याचं कारण उरत नाही. आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला झोप लागली असेल, तर 'आमेन' कुजबुजत म्हटलेलंही चालतं.