ब्रॉड स्ट्रीटचा पटकी-नकाशा

लंडनच्या सोहो भागात १८५४ मध्ये उद्भवलेल्या पटकीच्या साथीतील मृत्यूंची ठिकाणे दाखविणारा, जॉन स्नो (१८१३–५८) या इंग्रज वैद्याने तयार केलेला नकाशा. घटनांचे स्थान, अंतर व सान्निध्य यांवरून त्यांच्यातील संबंध शोधणे म्हणजे अवकाशीय विश्लेषण. विद्यापीठांतून हा विषय व भौगोलिक माहिती प्रणाली शिकविताना बहुधा याच नकाशापासून आरंभ करतात.

ऑगस्टअखेरीस सुरू झालेल्या या साथीत ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेमुळे पटकी होते, असे त्या काळी बहुतेक वैद्य मानीत. रोग पाण्यावाटे पसरतो, हे मत स्नोने १८४९ मध्येच मांडले होते. तेव्हा नकाशा पाहून त्याला कारण उमगले, ही प्रचलित कथा खरी नाही. नकाशा नंतर झाला व १८५५ मध्ये ग्रंथातून प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक मृत्यूसाठी संबंधित घराच्या जागी एक आखूड काळी रेघ असून सार्वजनिक पंपही दाखविले आहेत. सुधारित आवृत्तीत स्नोने ब्रॉड स्ट्रीटचा पंप व शेजारचे पंप यांपासून रस्त्याने सारख्याच अंतरावर असलेल्या बिंदूंतून एक रेषा काढली. बहुसंख्य मृत्यू तिच्या आत पडतात. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ थीसेन याने १९११ मध्ये पर्जन्यमापनासाठी योजिलेल्या बहुभुजांचे तत्त्व हेच आहे. मात्र त्याचे अंतर सरळ रेषेतील, तर स्नोचे पायी चालण्याचे होते.

या पुराव्याचे खरे बळ अपवादांत आहे. जवळच्याच श्रमगृहातील ५३५ रहिवाशांपैकी केवळ ५ मृत्यू पावले. तेथे स्वतंत्र विहीर होती. बीअरच्या कारखान्यातील कामगार त्या पंपाचे पाणी पीत नसत, तेही वाचले. उलट, दूर हॅम्पस्टेड येथे राहणारी एक वृद्ध स्त्री याच पंपाचे पाणी आवडीने मागवून घेई, ती दगावली. ही माहिती नकाशातून नव्हे, तर घरोघर चौकशी करून मिळाली.

८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. तोवर साथ ओसरू लागली होती, हे स्नोनेही मान्य केले आहे. पुढे हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाने केलेल्या तपासात, पंपालगतच्या घरातील आजारी अर्भकाची लंगोटी धुतलेले पाणी विहिरीशेजारच्या मैल्याच्या हौदात जात असे, असे आढळले. व्हाइटहेड आरंभी स्नोच्या मताविरुद्ध होता.

नुसत्या स्थानसाहचर्याने किती फसगत होते, याचे उदाहरण त्याच शहरातील आहे. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार याने १८४९ च्या साथीच्या आकड्यांवरून, टेम्स नदीच्या पातळीपासून वस्ती जितकी उंच तितके मृत्यू कमी, असा संबंध दाखविला व त्याचे कारण सखल भागातील हवा हे मानले. आकडे बिनचूक होते. परंतु सखल वस्त्यांना पाणीही अधिक घाण मिळत असे. आज संगणकावर असे साहचर्य क्षणात काढता येत असल्याने हा धोका वाढलाच आहे. लंडनच्या पूर्व भागातील १८६६ च्या साथीत फारने पाण्याचाच दोष दाखवून दिला. त्यापूर्वी आठ वर्षे स्नो निवर्तला होता.